आधी ढील काढ

फालकांचा पराग तिसऱ्यांदा आला,
गाडी टेम्पोवर लादून.
लाल, दोन दारांची, मागच्या चाकांवर जोर देणारी,
पुढे हे एवढं नाक, मागे नावाला डिकी.
सावद्याच्या केळीवर घेतलेली; जुनी, पण इंजिन ठणठणीत.
"मिस्त्री, ठक्‌ झालं. आता इंजिन बोंबलतंय
आणि गाडी जागच्या जागी."

जब्बार मिस्त्री खाली शिरला.
चहावर साय धरली तरी बाहेर येईना.
मी डायल गेज पुसत उभी.
मग गाडीखालून आधी हात आला,
हातात शाफ्टचा क्रॉस,
चार बोटांतलं एक तुटलेलं.

आमच्या गॅरेजात एक फळी आहे,
अजिंठा चौफुलीच्या बाजूच्या भिंतीला.
तिच्यावर मेलेला माल:
धुतलेल्या लुगड्यासारखा पिळलेला हाफ शाफ्ट,
पुढचे दात पडलेलं पिनियन,
काचेसारखी गुळगुळीत झालेली क्लचप्लेट,
जवळ गेलं की अजून वास येतो.
प्रत्येकाखाली खडूनं तारीख.
इंजिनाचा तुकडा एकही नाही त्या फळीवर,
चाकाचाही नाही.
हे दोघं भांडतात,
मोडतो मधला.

"कुठं केलं?"
तरसोद फाट्याच्या पुढं, जुन्या रस्त्यावर.
"किती वाजता?"
अकरा. काटा पाच हजारावर, आणि क्लचवरून पाय
असा, बाजूला.
टँकरचं पाणी सांडलेलं होतं तिथं,
चाकं मस्त फिरत होती, मिस्त्री, धूर...
"अन्‌ मंग कोरडं लागलं."
हो.
"हं."

मिस्त्री ऑइलच्या डब्यावर बसला.
"तुही माय मांडे करते ना, भो?"
करते.
"कणीक हातावर घेते, झोका देते,
कोपरापर्यंत सोडत सोडत नेते.
अन्‌ झटका देला तं?"
पराग काही बोलला नाही.
बाहेर मे महिना डांबर उकळत होता.

"दाताच्या अन्‌ दाताच्या मधी केसाएवढी जागा राहते,
तेल बसायले.
ती जागा पळत ओलांडली
तं दात राहत नाही तो, घन होतो.
म्हणून आधी ढील काढ.
क्लच जिथं चावतो तिथं जरा थांब.
गाडीचं बूड दबू दे, वजन मागं जाऊ दे,
मंग दे काय द्यायचं ते.
स्टेअरिंग सरळ. रबर गरम.
अन्‌ चाक उड्या मारायले लागलं,
धरतं-सोडतं, धरतं-सोडतं,
तं पाय काढ. तेव्हाच काढ.
तिथं जिद्द करणारे सगळे
त्या फळीवर आहेत."

"पण मग जिंकायचं कसं?"
मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं.

चार दिवसांनी, नवा क्रॉस, नव्या बुशिंग,
पहाटेचा गारवा उतरायच्या आत
आम्ही तिघं त्याच रस्त्यावर.
"शैला, तू बस," मिस्त्री म्हणाला.
मी चप्पल काढली.
अनवाणी पायाला पेडल जास्त खरं सांगतं.
तीन हजार. टाच टेकलेली.
क्लच वर, वर,
आणि तिथं, अंगठ्याखाली एक बारीक थरथर,
जणू खाली कुणीतरी 'हं, धरलंय' म्हणालं.
गाडी मागे बसली.
मग मी पाय उचलला आणि दुसरा दाबला.
ना धूर, ना किंकाळी,
फक्त पाठ सीटला चिकटली
आणि बाभळी एकदम मागे गेल्या.

परत आले तर पराग रस्त्याच्या कडेला
हातात मोबाईल धरून उभा.
किती सेकंद?
"अं... दाबायचं राहून गेलं."

संध्याकाळी मी तुटका क्रॉस फळीवर ठेवला,
खडूनं तारीख घातली.
मिस्त्री हात धूत होता, केरोसीन आणि लाकडाचा भुसा.
न वळता म्हणाला,
"बाजूले जरा जागा ठेव.
पराग आहे तो."